उमेदवारी एकाची, जाहीरनामा दुसऱ्याचा : रिपब्लिकन पक्षातील प्राथमिक निवडणुका, १९१२ ते १९८०

भारतातील बहुतेक पक्षांत निवडणुकीचे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि तिकीट न मिळालेला इच्छुक फार तर बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो. अमेरिकेत हा अधिकार विसाव्या शतकाच्या आरंभापासून श्रेष्ठींच्या हातून निसटत पक्षाच्या सामान्य मतदारांकडे गेला. एखाद्या पक्षाचे मतदार आपल्याच पक्षातील इच्छुकांपैकी एकाची निवड ज्या मतदानाने करतात त्याला तेथे प्रायमरी, म्हणजे प्राथमिक निवडणूक, म्हणतात. अध्यक्षपदासाठी हे मतदान राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना, हिवाळ्यापासून जूनपर्यंत चालते, आणि उन्हाळ्यात भरणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनाला कोणाचे किती प्रतिनिधी जाणार हे त्यातून ठरते. अधिवेशनात प्रतिनिधींच्या बहुमताने उमेदवार निवडला जातो आणि त्याच सभागृहात, त्याच आठवड्यात, पक्षाचा जाहीरनामाही संमत होतो. ही दोन्ही कामे एकाच गटाच्या हातून होतील असे वरकरणी वाटते. परंतु रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासात उमेदवारी एका गटाला आणि विचारांची मालकी दुसऱ्या गटाला, अशी वाटणी वारंवार झालेली दिसते, आणि तो पक्ष उजवीकडे कसा सरकत गेला याचा माग निवडणुकांच्या निकालांपेक्षा या वाटणीतच अधिक नीट लागतो.

प्रायमरीची पद्धत मुळात पुराणमतवाद्यांनी आणलेली नव्हती. रेल्वे कंपन्या, लाकूडव्यापारी आणि पक्षाचे स्थानिक ठेकेदार यांनी बंद खोलीत उमेदवार ठरवण्याच्या रिवाजाविरुद्ध विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९०३ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक निवडणुकीचा कायदा संमत करून घेतला, आणि पुढच्या वर्षी मतदारांनी सार्वमताने त्याला मान्यता दिली. ला फॉलेट हे रिपब्लिकनच होते, कारण त्या काळी सुधारणावादी आणि स्थितिवादी असे दोन्ही प्रवाह त्या पक्षात नांदत होते. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी अशी पहिली निवडणूक १९ मार्च १९१२ रोजी नॉर्थ डकोटात झाली आणि तीत ला फॉलेट यांनी माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हरवले. तथापि त्या वर्षीचा खरा झगडा पुढे रूझवेल्ट आणि विद्यमान अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट या एकेकाळच्या स्नेह्यांत जुंपला.

दोघांमधील मतभेदाला वैयक्तिक दुराव्याची फोडणी होती हे खरे, परंतु त्याचा गाभा न्यायसंस्थेविषयी होता. राज्यांतील न्यायालयांनी कामगारांच्या हिताचे कायदे घटनाबाह्य ठरवल्यास ते निर्णय मतदारांना फिरवता आले पाहिजेत, अशी मागणी रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे केली, आणि पेशाने व वृत्तीने न्यायाधीश असलेल्या टाफ्ट यांना हा राज्यघटनेवरचा घाला वाटला. मालमत्तेचे हक्क बहुमताच्या लहरीवर सोडता येत नाहीत, हा अमेरिकी पुराणमतवादाचा कणा या वादात इतका स्पष्टपणे पुढे आला की रूझवेल्ट यांचे एलिहू रूट आणि सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांसारखे जिवलग सहकारीही त्यांच्यापासून दूर झाले. प्रायमरी झालेल्या डझनभर राज्यांपैकी नऊ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली, त्यांत खुद्द टाफ्ट यांचे ओहायोही होते. रूझवेल्ट यांना सुमारे साडेअकरा लाख, तर टाफ्ट यांना साडेसात लाखांवर मते मिळाली.

तरीही उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली, कारण उरलेल्या राज्यांत प्रायमरी नव्हत्या आणि दक्षिणेकडील राज्यांत, जिथे रिपब्लिकन मतदार जवळजवळ उरलाच नव्हता, तिथले प्रतिनिधी म्हणजे बहुतांशी केंद्र सरकारने नेमलेले पोस्टमास्तर आणि करअधिकारी असत. जूनमध्ये शिकागोला अधिवेशन भरले तेव्हा २५४ जागांवर दोन्ही बाजूंनी दावा होता. पक्षयंत्रणेने त्यांपैकी २३५ टाफ्ट यांच्या पदरात टाकल्या. हाणामारीच्या भीतीने व्यासपीठाच्या कठड्याला सजावटीच्या कापडाखाली काटेरी तार गुंडाळण्यात आली होती. टाफ्ट यांना ५६१ मते पडली आणि रूझवेल्ट यांच्या ३४४ प्रतिनिधींनी मतच दिले नाही. रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, मते फुटली, डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि टाफ्ट यांना निर्वाचक मंडळाची अवघी आठ मते, म्हणजे युटा आणि व्हरमाँट एवढी दोन राज्ये, मिळाली. बाहेर पडलेले बरेच सुधारणावादी पुढे परतले, पण ज्या घरातून ते गेले होते त्या घराच्या किल्ल्या दरम्यान दुसऱ्यांच्या कमरेला लागल्या होत्या. रिपब्लिकन पक्षाला सरळ पुराणमतवादी पक्ष म्हणता येते ते तेथून पुढेच.

डेमोक्रॅटिक अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यू डील धोरणानंतर, म्हणजे मंदीवर उपाय म्हणून सरकारने रोजगार, निवृत्तिवेतन आणि कामगार संघटनांना दिलेल्या संरक्षणानंतर, या पुराणमतवादी पक्षात पुन्हा दोन तट पडले. न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्यूई यांच्याभोवती जमलेला पूर्वेकडील गट न्यू डीलची मुख्य चौकट मान्य करून ती काटकसरीने चालवावी आणि युरोपशी लष्करी बांधिलकी ठेवावी अशा मताचा होता. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांच्या मागे उभा असलेला मध्य-पश्चिमेचा गट सरकारचा आकारच घटवा आणि परदेशच्या भानगडीत पडू नका असे म्हणे. रॉबर्ट हे १९१२ मधील टाफ्ट यांचे चिरंजीव. १९५२ मध्ये त्यांच्यासमोर जनरल आयझेनहॉवर उभे राहिले आणि टेक्साससह दक्षिणेतील काही राज्यांच्या जागांवर वाद झाला. टेक्सासच्या स्थानिक सभांत एरवी डेमोक्रॅट म्हणवणारे असंख्य मतदार शिरून आयझेनहॉवर यांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि पक्षाच्या जुन्या यंत्रणेने त्यांना परके ठरवून टाफ्ट यांचे प्रतिनिधी पाठवले होते. ज्या डावपेचाने वडिलांना उमेदवारी मिळाली होती त्याच डावपेचाने मुलाची गेली, कारण या वेळी अधिवेशनाने वादग्रस्त प्रतिनिधींना मतदानापासून दूर ठेवणारा नियम ६५८ विरुद्ध ५४८ मतांनी संमत केला. पहिल्या फेरीत आयझेनहॉवर यांना ५९५ मते मिळाली, बहुमताला नऊ कमी होती, आणि मिनेसोटाने आपली मते फिरवून ती उणीव भरून काढली.

पराभूत गटाला यानंतर काय मिळाले हे अधिक महत्त्वाचे आहे. रुसलेल्या टाफ्ट समर्थकांवाचून नोव्हेंबरची निवडणूक जिंकता येणार नाही हे ओळखून आयझेनहॉवर यांनी सप्टेंबरमध्ये टाफ्ट यांना न्यूयॉर्कमधील मॉर्निंगसाइड हाइट्स येथील आपल्या निवासस्थानी बोलावले आणि सरकारी खर्चाला कात्री लावण्यासह टाफ्ट यांनी लिहून आणलेले निवेदन जवळजवळ जसेच्या तसे मान्य केले. विरोधकांनी याला मॉर्निंगसाइडची शरणागती म्हटले. आठ वर्षांनी हाच प्रयोग उलट दिशेने झाला : जुलै १९६० मध्ये उमेदवारी निश्चित झालेले उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन गुपचूप न्यूयॉर्कला जाऊन गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना फिफ्थ अॅव्हेन्यूवरील त्यांच्या घरी भेटले, आणि संरक्षण व कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क यांविषयीची चौदा कलमे रात्रीतच दूरध्वनीवरून शिकागोच्या जाहीरनामा समितीला कळवण्यात आली. अॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी या तडजोडीला पक्षाचे म्युनिक म्हटले, म्हणजे १९३८ मध्ये हिटलरपुढे पत्करलेल्या लाचारीशी तिची तुलना केली. समितीतील लोकांनी आठवडाभर खपून मसुदा करावा आणि दोन माणसांनी दिवाणखान्यात बसून तो फिरवावा, याचा राग विचारांच्या मतभेदाहूनही खोल गेला असावा.

गोल्डवॉटर यांच्या मागे तोवर टाफ्ट यांना न लाभलेली एक गोष्ट उभी राहिली होती, ती म्हणजे सुसंगत विचारसरणी. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये काढलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाने तीन वेगळ्या मंडळींना एकत्र आणले होते : बाजारात सरकारचा हात नको म्हणणारे, धर्म व परंपरेचे बंधन हवे म्हणणारे, आणि साम्यवादाशी तडजोड नको म्हणणारे. पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट फ्रँक मेयर यांनी या मिश्रणाला तात्त्विक बैठक दिली. सद्गुण स्वेच्छेने अंगीकारले तरच ते सद्गुण ठरतात, म्हणून स्वातंत्र्य आणि परंपरा परस्परविरोधी नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि त्याला फ्यूजनिझम, म्हणजे विलयवाद, असे नाव पडले. तर्कदृष्ट्या ही मोट ढिली होती, आणि प्रायमरीच्या प्रत्येक हंगामात तिचे सांधे कुरकुरले. पण रॉकफेलर यांच्याविरुद्ध ती पुरेशी ठरली.

१९६४ च्या हंगामाची सुरुवात कोणाच्याच मनासारखी झाली नाही. १० मार्चच्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत गोल्डवॉटर आणि रॉकफेलर या दोघांनाही मागे टाकून साइगॉन येथील राजदूत हेन्री कॅबट लॉज विजयी झाले. हे १९१२ मधील लॉज यांचे नातू. ते राज्यात फिरकले नव्हते आणि त्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेही नव्हते. बोस्टनच्या मूठभर उत्साही कार्यकर्त्यांनी मतदारांना टपालाने पत्रे पाठवली आणि ३३ हजार लोकांनी ते नाव हाताने लिहिले. निवृत्तिवेतनाची योजना ऐच्छिक करावी आणि आघाडीवरील सेनापतींना अण्वस्त्रे वापरण्याची मुभा असावी, अशा गोल्डवॉटर यांच्या उद्गारांनी वृद्ध मतदार बिचकले होते. मे महिन्यात ऑरेगन रॉकफेलर यांनी जिंकले आणि सारे काही २ जूनच्या कॅलिफोर्नियावर येऊन ठेपले, जिथे एका मताने पुढे असणाऱ्यालाही राज्याचे सर्व ८६ प्रतिनिधी मिळणार होते.

कॅलिफोर्नियात रॉकफेलर यांच्याकडे पैसा होता आणि गोल्डवॉटर यांच्याकडे माणसे. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज कौंटी येथील नव्या वसाहतींत, विमान व शस्त्रास्त्र उद्योगांमुळे भरभराटलेल्या कुटुंबांतील गृहिणींनी दारोदार जाऊन पुस्तके वाटली. त्यांत फिलिस श्लाफ्ली यांचे 'अ चॉइस नॉट अॅन एको' हे छोटे पुस्तक लाखांच्या संख्येने खपले, आणि पूर्वेकडील काही धनाढ्य १९३६ पासून पक्षावर आपले उमेदवार लादत आले आहेत हा त्याचा आशय घराघरांत पोहोचला. रॉकफेलर यांनी पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन १९६३ मध्ये एका घटस्फोटित महिलेशी विवाह केला होता, आणि मतदानाच्या तीन दिवस आधी, ३० मे रोजी, त्यांना मुलगा झाला. ज्या मतदारांनी विवाहाची गोष्ट विसरायला घेतली होती त्यांना वर्तमानपत्रांनी ती पुन्हा आठवून दिली. गोल्डवॉटर सुमारे ६८ हजार मतांनी, म्हणजे ५१.६ टक्के मते मिळवून, जिंकले. तथापि प्रायमरींनीच त्यांना उमेदवारी दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यांचे बहुसंख्य प्रतिनिधी प्रचारसंघटक क्लिफ्टन व्हाइट यांनी १९६१ पासून तालुकापातळीच्या सभा एकेक करून काबीज करत मिळवले होते.

कॅलिफोर्निया आणि अधिवेशन यांच्या मधल्या काळात, १९ जून रोजी, सिनेटने नागरी हक्क विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत केले. रिपब्लिकन सिनेटरांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिले; विरोधात गेलेल्या सहांत गोल्डवॉटर होते. खासगी दुकानदाराला कोणाला सेवा द्यावी हे केंद्र सरकारने सांगू नये, अशी त्यांची घटनात्मक भूमिका होती, आणि व्यक्तिशः ते वर्णद्वेष्टे नव्हते असे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. परंतु त्या मताचा अर्थ दक्षिणेत काय लावला जाईल हे न कळण्याइतके ते भाबडे नव्हते. विधेयकासाठी मते जमवणारे सिनेटमधील रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनीच महिन्याभरात अधिवेशनात गोल्डवॉटर यांचे नाव सुचवले, हेही त्या पक्षाच्या रीतीला धरूनच झाले.

सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या काऊ पॅलेसमध्ये, म्हणजे गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या सभागृहात, १४ जुलैच्या रात्री रॉकफेलर बोलायला उभे राहिले. कू क्लक्स क्लॅन, कम्युनिस्ट आणि जॉन बर्च सोसायटी या अतिरेकी संघटनांचा नावानिशी निषेध करणारी दुरुस्ती मांडण्यासाठी त्यांना पाच मिनिटे दिली होती. बर्च सोसायटी ही आयझेनहॉवर यांनाही साम्यवाद्यांचा हस्तक समजणारी संघटना होती. प्रेक्षकसज्जांतून इतका आरडाओरडा झाला की त्यांना वारंवार थांबावे लागले, आणि ते थांबून हसत राहिले, त्यामुळे ओरडणारे अधिकच चिडले. दूरचित्रवाणीवर हे दृश्य देशभर दिसले. दुरुस्ती फेटाळली गेली, गोल्डवॉटर यांना ८८३ मते मिळाली, आणि या एका वर्षी उमेदवारी व जाहीरनामा दोन्ही एकाच गटाच्या हाती आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ३८.५ टक्के मते आणि सहा राज्ये मिळाली : स्वतःचे अॅरिझोना आणि दक्षिणेतील पाच, जिथे लिंकनच्या पक्षाचे नाव घेणे एकेकाळी धाडसाचे होते.

या पराभवाने उजवा गट संपेल हा अंदाज १९७६ मध्ये सपशेल चुकला. पुढे अध्यक्ष झालेल्या निक्सन यांच्या राजीनाम्याने त्या पदावर आलेले जेराल्ड फोर्ड कोणत्याही राष्ट्रीय निवडणुकीतून आलेले नव्हते, आणि त्यांनी उपाध्यक्ष म्हणून रॉकफेलर यांनाच घेतल्यामुळे जुनी जखम उघडी पडली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये रॉकफेलर यांनी पुढील निवडणुकीतून माघार घेतली तरी कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याच महिन्यात उमेदवारी जाहीर केली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुधारणांमुळे राज्यांचे कायदे बदलून आता सुमारे तीस राज्यांत प्रायमरी होत होत्या, त्यामुळे १९१२ सारखी प्रतिनिधींची सोय करणे कोणालाही शक्य नव्हते.

रेगन यांनी आरंभ आर्थिक मुद्द्यावर केला आणि तिथेच ते फसले. केंद्राच्या ९० अब्ज डॉलरच्या योजना राज्यांकडे सोपवाव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला होता. न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा आयकरही नव्हता आणि विक्रीकरही नव्हता, तेव्हा या योजनांचा खर्च तिथे नवे कर लावून भागवायचा का, एवढाच प्रश्न फोर्ड यांच्या माणसांनी गावोगाव विचारला. २४ फेब्रुवारीला रेगन दोन हजारांहूनही कमी मतांनी हरले, मग फ्लोरिडा गेले, इलिनॉय गेले, प्रचाराची तिजोरी रिकामी झाली आणि माघारीची बोलणी उघडपणे होऊ लागली. नॉर्थ कॅरोलिनात सिनेटर जेसी हेल्म्स आणि त्यांचे सहकारी वकील टॉम एलिस यांनी प्रचाराची सूत्रे स्वतःकडे घेतली, रेगन यांचे अर्ध्या तासाचे ध्वनिचित्रमुद्रित भाषण राज्यातील बहुतेक दूरचित्रवाणी केंद्रांवरून दाखवले आणि रोख परराष्ट्र धोरणाकडे वळवला : सोव्हिएत संघाशी तणाव कमी करण्याचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचे धोरण आणि पनामा कालव्याचा ताबा सोडण्याविषयी चाललेल्या वाटाघाटी. २३ मार्चला रेगन ५२ विरुद्ध ४६ टक्क्यांनी जिंकले.

पनामाचा मुद्दा इतका प्रभावी का ठरला याचे उत्तर त्याच्या स्वस्ताईत आहे. सरकारी खर्च कमी करा म्हटले की पुराणमतवादी मतदारांतही पेन्शनर, शेतकरी आणि राज्याचा खजिना सांभाळणारे असे प्रत्येकाचे हितसंबंध आडवे येतात. कालवा आपला आहे आणि तो सोडणार नाही म्हटले की कोणाच्याच खिशाला चाट बसत नाही. खुद्द गोल्डवॉटर यांनी पनामाबाबत रेगन यांना दोष दिला आणि पाठिंबा फोर्ड यांना दिला, पण त्यांचा जुना अनुयायी वर्ग त्यांच्याबरोबर गेला नाही. १ मे रोजी टेक्सासमध्ये, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या मागे जाणारे डेमोक्रॅट रिपब्लिकन प्रायमरीत मत द्यायला आले आणि पणाला लागलेले सर्व प्रतिनिधी रेगन यांच्याकडे गेले. १९५२ मध्ये टेक्सासात पक्षात शिरलेल्या बाहेरच्यांनी मवाळ उमेदवाराला तारले होते. २४ वर्षांनी आलेल्या बाहेरच्यांना तसा उमेदवार पुरेसा कडवा वाटेना.

ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीला अधिवेशन भरले तेव्हा दोघांपैकी कोणाकडेही निर्विवाद बहुमत नव्हते. रेगन यांचे प्रचारप्रमुख जॉन सीअर्स यांनी पेनसिल्व्हेनियाचे उदारमतवादी सिनेटर रिचर्ड श्वायकर यांना उपाध्यक्षपदासाठी आधीच जाहीर करण्याची चाल खेळली होती. तिने पूर्वेकडील मते आली नाहीत, उलट मिसिसिपीचे पक्षनेते क्लार्क रीड बिथरून फोर्ड यांच्याकडे झुकले. त्या राज्याची तीस मते बहुमताने ठरलेल्या बाजूला एकगठ्ठा देण्याचा प्रघात असल्यामुळे दोन्ही छावण्यांतील वरिष्ठ मंडळी मिसिसिपीच्या प्रतिनिधींची मनधरणी करत बसली होती. फोर्ड यांनाही उपाध्यक्षाचे नाव आधीच सांगायला लावणारा १६-क हा नियम सीअर्स यांनी मांडला आणि तो ११८० विरुद्ध १०६९ मतांनी पडला, तेव्हाच निकाल लागल्यासारखा होता. दुसऱ्या रात्री फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते मिळाली.

त्याच आठवड्यात हेल्म्स यांच्या गटाने परराष्ट्र धोरणातील नैतिकता या मथळ्याचे एक कलम जाहीरनाम्यात घालण्यासाठी मांडले. त्यात सोव्हिएत छळाविषयी लिहिणारे अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांचा गौरव होता, ज्यांना भेटायचे फोर्ड यांनी आदल्या वर्षी टाळले होते. गुप्त करारांचा निषेध होता आणि सोव्हिएत संघासह झालेल्या आणि फोर्ड यांनीच स्वाक्षरी केलेल्या हेलसिंकी करारावर टीका होती. विद्यमान अध्यक्षाच्या धोरणावर त्याच्याच पक्षाच्या जाहीरनाम्यातून ठेवलेला हा ठपका होता. किसिंजर आणि रॉकफेलर यांना लढा द्यायचा होता, परंतु मतमोजणी झाली तर हार होईल आणि ती उमेदवारीच्या मतदानापर्यंत पसरेल या भीतीने फोर्ड यांच्या व्यवस्थापकांनी कलम आवाजी मतदानाने संमत होऊ दिले. उपाध्यक्षपदासाठी रॉकफेलर यांच्या जागी उजव्या गटाला चालणारे बॉब डोल आले. मॉर्निंगसाइड आणि फिफ्थ अॅव्हेन्यू येथे बंद दाराआड झालेली वाटणी या वेळी भर सभागृहात झाली, एवढाच फरक.

चार वर्षांनी अशी वाटणी करायला दुसरा भागीदार उरला नव्हता. १९८० च्या प्रायमरींत रेगन यांच्या करकपातीच्या योजनेला जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हणणारे जॉर्ज बुश पराभूत झाले. डेट्रॉइटच्या अधिवेशनात रेगन यांनी उपाध्यक्षपद देऊ करण्यापूर्वी जाहीरनामा मान्य आहे ना एवढे दूरध्वनीवर विचारले आणि बुश यांनी तो संपूर्ण मान्य केला. स्त्रियांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला रिपब्लिकन जाहीरनाम्याने १९४० मध्ये प्रथम दिलेला पाठिंबा याच अधिवेशनात काढून घेण्यात आला, आणि ही दुरुस्ती रोखण्यासाठी सत्तरच्या दशकात देशव्यापी मोहीम चालवणाऱ्या श्लाफ्ली यांचा त्यात मोठा वाटा होता. इलिनॉयचे काँग्रेस सदस्य जॉन अँडरसन यांनी प्रायमरींतील पराभवानंतर एप्रिलमध्येच पक्षाबाहेर पडून अपक्ष उमेदवारी जाहीर केली होती. नोव्हेंबरमध्ये त्यांना सुमारे ५७ लाख, म्हणजे ६.६ टक्के, मते मिळाली आणि एकही राज्य मिळाले नाही.